चौथा पाय

पाटी रंगवून झाली की पेंटर शिडीवरूनच विचारत, "उतरलीय का गं?" समोरच्या फुटपाथवर उभ्या असलेल्या पेंटरकाकू एक डोळा मिटून, मान तिरकी करून बघत आणि गिऱ्हाइकाच्या देखत सांगत, "डावीकडे उतरलीय." मग पाटी खरोखर एका बाजूला उतरलेली, तिरकी असो वा नसो. नवऱ्याच्या कामात एक तरी खोट काढल्याशिवाय ते काम पुरं झालं, असं त्यांना वाटतच नसे. मात्र दुसऱ्या कोणी पेंटरांना नाव ठेवलं, की काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो हक्क त्यांचा एकटीचा होता, आणि तीस वर्षं सगळं जग त्या हक्कात वाटेकरी झालं होतं.

त्याचं असं झालं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका सिमेंट कारखान्याने पेंटरांना शहराबाहेरच्या डोंगरावर पाठवलं. रस्त्यावरून दिसेल असा एखादा सपाट कातळ शोधायचा आणि त्यावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत जाहिरात रंगवायची, एवढंच काम. पेंटर डबे, कुंचले आणि खडूची दोरी घेऊन चढले. कातळ सापडला, अगदी हवा तसा, वर छज्ज्यासारखा दगड पुढे आलेला. फक्त तो आधीच कोणीतरी रंगवून ठेवला होता. पाच हरणं, एकामागे एक, तांबड्या रंगात, भरधाव निघालेली. पेंटर सांगायचे, "मला आधी रागच आला. म्हटलं, आपल्या आधी कोण पोचला इथे?"

जाहिरात काही झाली नाही. त्या डोंगरावर रंग धरत नाही, असं पेंटरांनी कारखान्याला कळवून टाकलं. आयुष्यात एवढं एकच खोटं बोललो, असं ते पुढे म्हणायचे, आणि काकूंना ते खरं वाटायचं.

ती हरणं काढणारा कोण आणि कधीचा, हे पेंटरांना कोणी सांगू शकेना. शाळा तर सातवीतच सुटलेली. मग ते दर रविवारी सकाळी डोंगरावर आणि दुपारी वाचनालयात जाऊ लागले. पुस्तकं परक्या भाषेतली, म्हणून मांडीवर शब्दकोश. सुरुवातीला एका दुपारी एक पान व्हायचं. वाचनालयाच्या शिपायाने तर पैज लावली होती की हा माणूस महिनाभरात गळणार. शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही निवृत्त झाला, आणि पेंटर आपले खिडकीजवळच्या खुर्चीत.

"लग्न माझ्याशी झालंय की त्या हरणांशी?" काकू विचारायच्या.

"हरणं खोट काढत नाहीत," पेंटर म्हणायचे आणि सायकलला टांग मारायचे.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत एका भिंतीला रंगाचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास, दुसऱ्या भिंतीला खिडकीखाली काकूंचं शिलाई मशीन. त्या दोन भिंतींच्या मध्ये हळूहळू एक आख्खं शास्त्र वाढलं. शिकलेली माणसं चित्रात काय काढलंय ते बघत. पेंटर ते कसं काढलंय ते बघत. कुंचला टेकतो तिथे रंग जाड बसतो, उचलतो तिथे विरळ होतो, हे त्यांना जन्मभराच्या पाट्यांनी शिकवलं होतं. त्यावरून त्यांनी दाखवून दिलं की या पाच हरणांत तीन जणांचे हात आहेत आणि त्यातला एक जण डावखुरा आहे. कुंचला कशाचा होता हे शोधायला त्यांनी चाळीस झाडांच्या काड्या चावून बघितल्या. आठवडाभर तोंड आलं. गेरू दळायला काकूंचा मिक्सर नेला, तेव्हा काकूंनी घर डोक्यावर घेतलं, आणि तरी त्या मिक्सरमधली चटणी पुढे महिनाभर तांबडी निघाली.

पण कातळाएवढं चित्र कागदावर उतरवताना कागद जुळेनात, तेव्हा तोड काढली ती काकूंनीच. झग्याचे तुकडे कापताना कडेला खुणा करतात, त्या खुणेला ती खूण भिडली की बाही बरोबर बसते. "तसं करा की," त्या मशीन न थांबवता म्हणाल्या. पेंटरांनी तसं केलं. त्यांचा पहिला लेख छापून आला तेव्हा शेवटी एक ओळ होती: जुळणीच्या खुणांची पद्धत माझ्या पत्नीची. काकूंनी ती ओळ शेजारणीला तीनदा वाचून दाखवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "छपाई जरा पुसट झालीय."

त्याच लेखाने घात केला. लेखात पाच हरणांचं रेखाटन होतं आणि तिसऱ्या हरणाला पाय तीनच होते. मागचा डावा पाय पेंटरांनी काढलाच नव्हता. राजधानीतल्या मोठ्या प्राध्यापकांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि त्याच मासिकात लिहिलं: "तिसऱ्या हरणाचा चौथा पाय कातळावर ढळढळीत दिसत असताना या गृहस्थांना तो दिसला नाही. पाट्या रंगवणे वेगळे आणि पाहणे वेगळे."

झालं. तेव्हापासून पेंटरांचं नाव पडलं तीनपायी पेंटर. परिषदेत ते बोलायला उभे राहिले की मागून कोणीतरी विचारायचं, "पाय मोजलेत ना?" काकूंच्या सख्ख्या भावाने घरभरणीला तीन पायांचं स्टूल आणून दिलं आणि स्वतःच्या विनोदावर पोट धरधरून हसला. काकूंनी ते स्टूल आणि भाऊ, दोघांनाही दारापर्यंत पोचवलं.

"अहो, एक रेघ तर मारायची!" त्या नवऱ्याला विनवायच्या. "पुढच्या लेखात चार पाय काढा, सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"नाही," पेंटर म्हणायचे.

"का नाही?"

"तिथे पाय नाही."

"अख्ख्या जगाला दिसतो!"

"जगाला दिसू दे." आणि ते वहीत डोकं घालायचे. काकूंनी हात टेकले. पण जिच्यापायी आपलं हसं झालं त्या हरणीचं तोंड बघणार नाही, असा त्यांनी निश्चय केला, आणि तीस वर्षांत त्या डोंगर चढल्या नाहीत. प्राध्यापकांचं ते पान मात्र त्यांनी कापून शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली ठेवून दिलं. कधी ना कधी हा माणूस समोर येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. काकूंचा राग मुरायला ठेवला की वर्षानुवर्षं टिकायचा.

पेंटर थांबले नाहीत, हे मात्र खरं. चित्रं असलेल्या दोनशे बारा जागा त्यांनी सायकलवर हिंडून नोंदवल्या. सेहेचाळीस वह्या भरल्या. परदेशातून पत्रं येऊ लागली, त्यावर पेंटरांचं नाव आणि पुढे 'संशोधक' असं लिहिलेलं. पोस्टमन ते मोठ्याने वाचायचा आणि काकू दार जरा उशिराच उघडायच्या, म्हणजे शेजारच्यांनाही ऐकू जावं. शेवटी एका संस्थेने त्या सेहेचाळीस वह्यांचं पुस्तक करायचं ठरवलं.

आणि नेमकी त्याच वर्षी दगडाची खाण डोंगराच्या खांद्यापर्यंत येऊन ठेपली. सुरुंग उडाला की हरणांच्या कातळावरून बारीक माती गळायची. जागा संरक्षित करावी म्हणून पेंटरांनी अर्ज केला, समिती नेमली गेली, आणि समितीने रंगाचा कणभर नमुना प्रयोगशाळेत पाठवला. नमुना घेतला तो तिसऱ्या हरणाच्या मागच्या डाव्या पायाचा. तिथे रंग सर्वांत जाड होता, मूळ चित्राला धक्का कमी लागेल, असा त्यांचा शहाणा विचार.

अहवाल एका सकाळी टपालाने आला. पेंटरांनी तो उभ्यानेच वाचला आणि खाली बसले. काकूंनी कागद ओढून घेतला. रंग कारखान्यात बनलेला, लोखंडी वस्तूंना लावतात त्या जातीचा. चित्र अलीकडचं असल्याचा संशय. शनिवारी जागेवरच सुनावणी. खाणीच्या वकिलांचं म्हणणंही सोबत जोडलं होतं: अर्जदार स्वतःच पेंटर आहे, तेव्हा चित्र कोणी काढलं ते सांगायला नको.

काकूंनी कागद खाली ठेवला. त्या समोर बसल्या आणि सरळ विचारलं, "अहो, खरं सांगा. तुम्ही रंगवलंत का ते?"

"सगळं नाही," पेंटर म्हणाले.

"सगळं नाही म्हणजे?"

"एक पाय."

चहा उतू गेला तरी दोघं उठले नाहीत. पेंटर सांगत होते आणि काकू ऐकत होत्या. जाहिरातीच्या त्या पहिल्याच दिवशी, हातात कुंचला, समोर पाच हरणं, आणि तिसरीचा एक पाय पाणी झिरपून गेलेला. पाटीवरचं अक्षर अर्धं उडालेलं दिसलं की पेंटरांचा हात शिवशिवायचाच. रस्त्याने जाताना परक्याच्या पाटीलाही ते फुकट हात मारून द्यायचे. तसाच त्यांनी हरणीला हात मारून दिला. लोखंडाला लावायचा तांबडा रंग, थोडा काळा, थोडं टर्पेंटाइन, असा हुबेहूब जुळवला की कोणाला संशय यायला नको. तीन आठवड्यांनी वाचनालयात पहिलं पुस्तक उघडलं, आणि त्यातलं पहिलंच वाक्य होतं की चित्राला हात लावू नये.

"पुसायला गेलो असतो तर खाली काही उरलं असेल तेही गेलं असतं," ते म्हणाले. "मग ठरवलं, निदान कागदावर तरी तो पाय कधी काढायचा नाही."

"तीस वर्षं!" काकूंचा आवाज चढला. "तीस वर्षं मी लोकांशी भांडले! मला तरी सांगायचंत!"

"सांगितलं असतं तर भांडता भांडता बोलून गेली असतीस."

हे खरंच होतं. त्या उठून शेगडी पुसू लागल्या. मग पुसता पुसताच त्यांना वाट दिसली. "हे बघा. शनिवारी एवढंच म्हणायचं की दुसऱ्या ठिकाणचा नमुना घ्या. पहिला घेताना काही मिसळलं असेल म्हणायचं. पायाचं नाव कशाला काढायचं?"

पेंटरांनी अहवालाची घडी घातली.

"पायाचं नाव काढलंत तर तुमच्या सेहेचाळीस वह्यांवर कोण विश्वास ठेवील? पुस्तक कोण छापील? लोक म्हणतील, एक पाय काढला तो हरीणही काढील."

"म्हणतीलच," पेंटर म्हणाले.

शनिवारी काकू डोंगर चढल्या. निश्चय मोडला, गुडघे कुरकुरले, तरी चढल्या. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत ते कापलेलं पान, कारण समितीत मोठे प्राध्यापकही असणार, हे त्यांनी वाचलं होतं. आता प्राध्यापक म्हातारे झाले होते. दोघांनी हात धरून त्यांना वर आणलं होतं. त्यांच्याशेजारी समितीच्या प्रमुख बाई, प्रयोगशाळेतल्या, हातात अहवाल. खाणीचे वकील एवढ्या उन्हात काळा कोट घालून उभे होते.

काकूंनी पहिल्यांदा कातळाकडे पाहिलं. तीस वर्षं ज्यांचा दुस्वास केला ती पाच हरणं त्यांच्या डोक्यावरून धावत गेली, आणि त्यांना एकदम कळलं की आपला नवरा रविवार रविवार कुठे जात होता.

प्रमुख बाईंनी अहवाल वाचला. "अर्जदारांचं काही म्हणणं?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुसरा नमुना, दुसरा नमुना, एवढंच म्हणा, असं त्या मनातल्या मनात घोकत होत्या.

पेंटर पुढे झाले. पाट्या रंगवताना हाताखाली टेकू म्हणून धरायची काठी त्यांनी सोबत आणली होती. तिचं टोक कातळापासून वीतभर लांब ठेवून त्यांनी दाखवलं. "प्रयोगशाळेचं बरोबर आहे. हा पाय मी काढला. एकतीस वर्षांपूर्वी, अडाणीपणाने. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंय." आणि त्यांनी वही प्रमुख बाईंच्या हातात दिली.

प्रमुख बाईंनी पहिलं पान उघडलं. मग वकिलांना हसू आवरेना. "वाः! आज एका पायाचा कबुलीजबाब. उरलेले एकोणीस पाय कशावरून यांचे नाहीत? आणि वही काय, परवासुद्धा लिहिता येते."

"येते," पेंटर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. स्वतःच्या शब्दापलीकडे त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. "तो पाय यांचाच आहे. बाकीचे नाहीत."

सगळे वळले. काकू एक डोळा मिटून, मान तिरकी करून कातळाकडे बघत होत्या, फुटपाथवरून पाटीकडे बघायच्या तशाच.

"मी शिकलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण यांचा हात मी ओळखते. बघा ना. तीन पाय पळताहेत. चौथा नुसता उभा आहे."

प्राध्यापक काठी टेकत कातळाजवळ गेले. चष्मा पुसून, पुन्हा घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. पेंटर हलकेच म्हणाले, "मी वरून खाली ओढला, सर. अक्षराचा दांडा ओढतात तसा. जुन्या चित्रकारांनी खुरापासून वर नेलाय, प्रत्येक पाय. रंग खाली जाड आहे."

"हे झालं यांचं मत," वकील म्हणाले. "नवरा-बायकोचं. पुरावा काय?"

काकू याच प्रश्नासाठी तीस वर्षं थांबल्या होत्या, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं. पिशवीतून त्यांनी ते पिवळं पडलेलं पान काढलं. टोमणा मारायचं ठरवून आणलं होतं, पण टोमणा आठवेना. त्यांनी ते नुसतं प्राध्यापकांच्या हातात ठेवलं.

"मोठ्याने वाचा," त्या म्हणाल्या.

प्राध्यापकांनी स्वतःचंच लिहिणं वाचलं. चौथा पाय ढळढळीत दिसत असताना या गृहस्थांना तो दिसला नाही. पानावर मासिकाचं नाव होतं, महिना होता, वर्ष होतं. पुढचं वाक्यही त्यांनी पूर्ण वाचलं. पाट्या रंगवणे वेगळे आणि पाहणे वेगळे.

"हे मी लिहिलं," ते वकिलांना म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी. याचा अर्थ तेव्हाही या माणसाने तो पाय चित्रातून वगळला होता. स्वतःचा म्हणून वगळला. एकोणीस खरे काढले आणि विसावा सोडला, आणि मी त्याबद्दल त्याचं जन्मभर हसं केलं." मग ते पेंटरांकडे वळले. "एका ओळीत खुलासा करता आला असता हो तुम्हाला."

"धीर झाला नाही, सर," पेंटर म्हणाले. "हसणं सोसवत होतं. हे सांगणं सोसलं नसतं."

प्रमुख बाईंनी पुन्हा नमुने घ्यायला लावले, या खेपेला पहिल्या आणि पाचव्या हरणाचे, पेंटरांनी काठीने दाखवलेल्या जागांवरचे. चार महिन्यांनी अहवाल आला. रंगावर दगडातून पाझरलेल्या क्षाराचा थर होता आणि तो थर बसायला हजारो वर्षं लागतात. खाण थांबली. पुस्तक छापलं गेलं. प्रस्तावना प्राध्यापकांनी मागून घेतली आणि तिचं पहिलं वाक्य असं होतं: "या माणसाच्या रेखाटनांवर मी विश्वास ठेवतो, कारण त्याने स्वतःचा पाय त्यात येऊ दिला नाही." काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भावाला त्यांनी पुस्तक पाठवलं, आणि सोबत निरोप, की ते स्टूल असेल तर परत द्या, आता आम्हाला हवंय.

कातळाखाली माहितीची पाटी लावायची ठरली. छापील पाटी सरकारकडून येणार होती, पण पेंटर म्हणाले, पाटी मीच रंगवणार. हात आता थोडा थरथरायचा, म्हणून तीन दिवस लागले. काकू रोज सोबत चढल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. शेवटच्या दिवशी पेंटरांनी त्यांना समोरच्या दगडापाशी जायला सांगितलं.

पाटीवर चित्रांची माहिती होती, हात लावू नये अशी विनंती होती, आणि सर्वांत खाली, इतरांएवढ्याच अक्षरात, दोन ओळी होत्या: "तिसऱ्या हरणाचा मागचा डावा पाय जुना नाही. तो ही पाटी रंगवणाऱ्याने काढला आहे."

"उतरलीय का गं?" पेंटरांनी शिडीवरून विचारलं.

काकूंनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली. डोळे इतके भरून आले होते की पाटी कुठे संपते आणि कातळ कुठे सुरू होतो, तेही त्यांना दिसत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही खोट नाही. उतरा आता खाली."